बापू बटलरची जीभ

जीभ कुणाची खरी मानायची, सांगा बरं मला? आपली स्वतःची, बायकोची, की पगारी माणसाची?

तुम्ही हसाल. पण सोलापुरात स्टेशनच्या रस्त्याला विलायती मालाचं दुकान मांडून बसलेल्या माणसाला हा प्रश्न रोज पडायचा. बिस्किटांचे डबे, साबण, कंदिलाच्या काचा आणि सरकारी परवान्याची बियर, असा आमचा पसारा. अशा दुकानात दोन गोष्टी न मागता साचतात, रिकामी खोकी आणि किस्से. खोकी थंडीत शेकोटीला जातात. किस्से कुठं टाकणार? ते आपले उरावर!

मी मूळचा गुळाच्या अडतीतला. शाळा मराठी चौथीपर्यंत, बाकीचं सगळं ओट्यावर शिकलो. मामांनी एकच मंत्र दिला, "ढेप वरून चाटायची नाही. आत सळई घालायची, पोटातला गूळ काढायचा आणि मग चाखायचं. न चाखता माल घेईल तो व्यापारी नव्हे, हमाल!"

आता आली का पंचाईत? आमच्या घराण्यात दारूचा थेंब कुणी घेतलेला नाही. मग बियर चाखायची कुणी? परवाना साल-दरसाल नवा करून घ्यावा लागे. एका जरी साहेबाचं पोट माझ्या मालानं बिघडलं तर परवाना जप्त, दुकान बंद, आणि मी परत दुसऱ्याच्या ओट्यावर सळई घेऊन उभा.

तर माझी जीभ म्हणजे बापू बटलर.

*

बापू माळशिरसकडचा. गोऱ्यांच्या क्लबात भांडी घासायला लागला आणि चढत चढत बटलर झाला. क्लबचा सेक्रेटरी म्हणजे एका गिरणीतला स्पिनिंग मास्तर, ब्राऊन साहेब. त्याचा नियम असा, की बापूनं चाखल्याशिवाय क्लबात बाटली शिरायची नाही, आणि बापूनं चाखायचं ते साहेबासमोर, माल विकणाऱ्याला शेजारी उभं करून. म्हणजे मला!

बापूची रीत ठरलेली. आधी गार पाण्यानं चूळ. मग चार फुटाणे. मग घोट तोंडात फिरवायचा, डोळे मिटायचे आणि तस्तात थुंकायचं. गिळायचं कधीच नाही. एक बोट वर केलं की माल पास. मूठ वळली की परत.

एकदा पेटी उघडली, बापूनं घोट घेतला आणि मूठ वळली. साहेबानं डोळे वटारले. बापू म्हणाला, "शेटजी, बियर चांगली हाय. पण रेल्वेत पेटी राकेलच्या डब्याशेजारी ठिवली व्हती का न्हाय?"

चौकशी केली. होती!

साहेब ओरडत असे तोवर काळजी नसे. तो हळू बोलायला लागला की क्लबातले पट्टेवालेसुद्धा भिंतीला चिकटायचे. त्या दिवशी तो हळूच म्हणाला, "शेट, हा माणूस आहे म्हणून तू आहेस."

ते वाक्य मी जन्मभर विसरलो नाही. तुम्हीही विसरू नका, पुढं लागणार आहे.

*

तिकडं घाटावर थंड हवेत एका पेन्शनर गोऱ्या सोल्जरनं छोटीशी भट्टी घातली होती. मोठ्या कारखान्याच्या बियरला तो नाक मुरडायचा. म्हणायचा, "ते पाणी आहे. माझी पिऊन बघा." याची बियर दुप्पट जहाल. तिच्यात तो हॉप नावाची सुकी फुलं ओंजळीनं नव्हे, टोपलीनं टाकायचा. का, तर उन्हाच्या मुलखात जेवढी फुलं जास्त तेवढा माल टिकतो.

मी मोहात पडलो आणि पहिल्या पेट्या मागवल्या. महिना कोणता? वैशाख!

पेट्या मागच्या खोलीत ठेवल्या. वर ओली पोती टाकली. दुपारी सोलापूर तापलं. मी गल्ल्यावर पेंगत होतो, तोच मागून धाडकन आवाज! मग दुसरा. मग तिसरा!

ते दिवस असे होते की शहरात गोळीचा आवाज ही चेष्टेची गोष्ट नव्हती. शेजारच्या कापडवाल्यानं फळ्या लावल्या. त्याचं बघून पलीकडच्यानं. बघता बघता सगळा रस्ता बंद! मी कुठं होतो विचाराल तर मोठ्या तराजूखाली, पारड्याला मिठी मारून.

हवालदार बंदूक सरसावून आत आला. "शेटजी, मेलं कोण?"

"बाटल्या, हवालदारसाहेब!"

त्यानं मागं जाऊन पाहिलं. जमिनीवर फेसाचा ओढा वाहत होता. हवालदारानं वास घेतला, टोपी काढली आणि गंभीरपणे म्हणाला, "पंचनामा करायला वेळ लागंल. तुमी भाईर बसा."

बापूनं चाखायच्या आधीच सगळी खेप संपली. हवालदारानं मात्र चाखली असावी, कारण रस्त्यानं जाताना तो कंदिलाच्या खांबाला सलाम करत गेला.

*

त्या पेट्यांबरोबर म्हाताऱ्या गोऱ्यानं नमुना म्हणून त्या फुलांची एक पुरचुंडी धाडली होती. ती कोटाच्या खिशातून आमच्या हिच्या हाती लागली. बाटल्या फुटल्यापासून मला झोप नव्हती. हिला वाटलं, कुण्या वैद्यानं औषध दिलंय, आणि हे विसरलेत. घरात काही वाया घालवायचं नाही, हे हिला मीच शिकवलेलं. तिनं पुरचुंडीच्या पुरचुंडी उकळली आणि काढा माझ्या हातात दिला!

काय सांगू! किराईत त्याच्यापुढं पेढा हो! कडवटपणा जिभेवरून घशात, घशातून कानामागं, कानामागून टाळूत. मी म्हटलं, "अगं, काय घातलंस हे?" एवढंच म्हटलं आणि आडवा झालो. ती फुलं झोपेचीही आहेत, हे मला मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ही उशाशी बसून रडत होती. भोवती शेजारी जमलेले. आणि कापडवाला दारात उभा राहून कुणालातरी हळूच विचारत होता, "बांबू कुठनं आणायचे?"

*

मग खरी भीतीची गोष्ट घडली.

पावसाळ्यात बापूला मुदतीचा ताप आला. महिन्यावर अंथरुणात होता. उठला तो नुसता हाडांचा सापळा. पण कामावर आला, फुटाणे खाल्ले, बोट वर केलं. सगळं पहिल्यासारखं.

एकदा तो दुकानी बसला होता. आमचं घर दुकानामागंच. हिनं चहा पाठवला. मी घोट घेतला आणि तसाच रस्त्यावर थुंकलो. साखरेऐवजी मीठ पडलं होतं! बापूला थांबवायला वळतो तर त्याचा कप रिकामा. मिशा पुसत म्हणाला, "वैनींच्या हातच्या च्याला तोड न्हाय बगा!"

मी बघतच राहिलो. तोही माझ्याकडं बघायला लागला. मग त्याची नजर रस्त्यावरच्या माझ्या चुळीवर गेली आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"बापू," मी म्हणालो, "कधीपासून?"

"तापापासनं." त्यानं माझे पाय धरले. "कशाचीच चव न्हाई शेटजी. वासबी न्हाई. भाकरी खातो का माती, कळत न्हाई. पण घरात तीन पोरी हायत. सायबाला कळलं तर उद्या मी रस्त्यावर!"

"मग बोट कशाच्या जोरावर वर करतोस?"

"रंग बगतो. बूच कसं वाजतं ते ऐकतो. आन् डोळं मिटायच्या आदी तुमच्या तोंडाकडं बगतो. तुमचं तोंड पडलं की माल वाईट!"

म्हणजे बघा, मी त्याच्या जिभेच्या भरवशावर, आणि तो माझ्या तोंडाच्या! सांगावं तर याची चूल विझते. आणि साहेबानं आधीच बजावलेलं, हा आहे म्हणून तू आहेस. मी गप्प बसलो.

एवढं मात्र केलं, त्या दिवसापासून बापूचा चहा बिनसाखरेचा करायला हिला सांगितलं. ज्याला चव नाही, त्याच्यावर साखर कशाला घालवायची? तो बिचारा रोज यायचा, पिऊन तारीफ करायचा.

*

तेव्हापासून क्लबात जायचं म्हटलं की माझी पावलं जड व्हायची. पुढच्या उन्हाळ्यात एक बाटली उघडली. बूच छान वाजलं, रंग सोन्यासारखा. पण मला उभ्या जागी आंबट वास आला, शुद्ध शिरका! मी तोंड पाडलं. पाडलं म्हणजे किती, हनुवटी छातीला लावली! पण बापूचे डोळे तोवर मिटलेले. बोट वर झालंच.

साहेबानं ग्लास उचलला. आता काय करणार? मी एवढी मोठी शिंक दिली, की कोपर लागून ग्लास, बाटली, तस्त, सगळं साहेबाच्या पांढऱ्या पँटीवर!

साहेब ओरडला. इतका ओरडला, की मला बरं वाटलं.

बापू वाकून फरशी पुसत होता. हळूच मला म्हणाला, "लई वाईट व्हती का?"

"लोणचं घालता आलं असतं!"

*

अशी चोरी किती दिवस झाकणार? क्लबाच्या खानसाम्यानं चहाडी केली, की बापूनं मिठागरासारखं खारट सूप ‘फर्स्ट क्लास’ म्हणून टेबलावर जाऊ दिलं. साहेब कुणावर ओरडला नाही. हळू बोलायला लागला.

हिवाळ्याचे दिवस होते. पेन्शनर गोऱ्याची बियर पुन्हा आली होती. आता बाटल्या नव्हेत, लाकडी पिंप, आणि फुलं आणखी जास्त. साहेबानं आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर झाकणाचे दोन मग. एकात नेहमीची हलकी बियर, दुसऱ्यात ही जहाल. बापू पाण्याची चूळ भरतोय तोच साहेबानं खिशातला रुमाल काढला आणि स्वतःच्या हातानं त्याचे डोळे बांधले!

गेला रंग. गेलं बूच. गेलं माझं तोंड!

"पिंपातली आली की बोट," साहेब अगदी हळू बोलला. "चुकलास, तर उद्यापासून तू नको. आणि तुझा शेटही नको."

मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला नारळ बोललो.

पहिला मग. बापूनं घोट फिरवला, थुंकला. चेहरा भिंतीसारखा कोरा. बोट हलेना. अंदाजानं वर करावं की नाही, हेच तो तोलत असणार.

दुसरा मग. घोट घेतला. गाल एकदा हलले आणि थांबले.

थुंकेना. साहेबानं तस्त पुढं सरकवलं तरी थुंकेना. मग गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. गिळलं! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बापूनं घोट गिळला! आणि रुमालाखालून पाण्याची धार लागली.

मी मनात म्हटलं, संपलं. म्हाताऱ्याच्या तांब्याच्या भांड्याला कल्हई नसणार. विषबाधा! फाशी मला!

"काय झालं?" साहेब पुढं धावला.

"कडू!" बापू किंचाळला. "आवो शेटजी, कडू हाय की हे! लई कडू! हितं घशात कडू, हितं कानामागं कडू!" आणि बोट वर करायचं सोडून त्यानं मगच वर केला, गटागटा रिकामा केला आणि आंधळ्यासारखा टेबल चाचपत आणखी मागायला लागला.

"कडू म्हणजे खराब?" साहेबानं मला विचारलं.

मी म्हटलं, "नाही साहेब... म्हणजे चांगलं. म्हणजे... फार चांगलं!"

साहेबानं पिंपातून स्वतःला थोडी ओतून घेतली. एक घोट घेतला. तोंड सुपारीएवढं झालं, डोळ्यांत पाणी आलं. मग मोठ्यानं खाकरला आणि म्हणाला, "बरोबर ओळखलं! पिंप ठेवून जा."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू दुकानी आला. रोजच्या जागी बसला. आतून चहा आला. मी तेव्हा साबणाची पेटी फोडत होतो, चहाचं माझ्या ध्यानातच नव्हतं.

बापूनं एक घोट घेतला. कप हळूच खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, मग आतल्या दाराकडं, मग परत माझ्याकडं.

"शेटजी," तो म्हणाला, "वरीसभराची साखर ऱ्हायली की तुमच्याकडं. हिशोब तेवढा खरा ठिवा!"