अभिनंदनाची चौकट

घोडेगावच्या स्टँडसमोर कॉम्प्युटर क्लास चालवणारे ते गृहस्थ स्वतःला इंजिनीअर म्हणवून घेत, आणि समोरचा हसला नाही की त्यांना ते खरंही वाटे. प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने लिहिणं त्यांच्या लेखी अडाणीपणा. बटणं, रकाने, संदेशाच्या चौकटी त्यांनी एकदाच बनवून सीडीवर ठेवल्या होत्या. "एकदा केलं की कुटंबी डकवायचं, भाऊ!" तपासणीही ठरलेली. बटण मोठ्यानं मोजत दहा वेळा दाबायचं. पडद्यावर काय लिहिलंय ते मात्र वाचायचं नाही. "वाचायला गिऱ्हाईक हाय की!"

त्यांची सगळ्यात लाडकी चौकट बेल्ह्याच्या एका बैलांच्या व्यापाऱ्यासाठी केलेली. सौदा नोंदवला की झेंडूच्या माळेत अक्षरं यायची, 'अभिनंदन! पुन्हा अवश्य या.'

वडील गेले तेव्हा मी मृत्यूची नोंद करायला आमच्या ग्रामपंचायतीत गेलो. तिथला प्रोग्रॅमही यांचाच. ग्रामसेवकांनी बटण दाबलं आणि पडद्यावर झेंडूची माळ आली. हे नेमके शेजारीच चहा पीत बसलेले. मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी बशी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि मोजायला सुरुवात केली. दहा वेळा बटण, दहा वेळा अभिनंदन.

"दहाला दहा, राव. लई भारी चाललंय!"

वडिलांच्या आता अकरा नोंदी झाल्या होत्या. जादाच्या दहा रद्द करायचा अर्ज घेऊन मला पुन्हा अवश्य जावं लागलं.