शबीनाची बदकवाली गाडी

आमच्या गल्लीत बायकांना राग आला की भांडी आपटतात. शबीनाला राग आला की ती चहा टाकती. आलं ठेचून, साखर जास्त घालून. म्हणून तिनं जेठाला, म्हंजे थोरल्या दिराला, सिकंदरभाईला, कप नेऊन दिला तवाच मी वळखलं, ह्या बाबाचं आता काय खरं न्हाय.

शबीना माझ्या भिंतीला भिंत लावून राहती. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बायांची पोरं घरी सांभाळती. पाळणाघर काढलं तवा सिकंदरभाई हसला हुता, "पोरं सांभाळायचा बी धंदा असतोय व्हय?" आता तिच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा न्हाय. मी म्हणते, "शबे, तुझ्या घरात शिरायचं तर मला बी लंगोट बांधून यावं लागंल." ती म्हणती, "काकी, तुमच्या मापाचं मिळत न्हाय."

काटेवाडी अन् कन्हेरीची पोरं आणायला तिनं जुनी ओमनी घेतली. पैसे तिचे. पण कागद करायच्या वेळंला सासूनं रीत काढली. ह्या घरात म्हशीपास्नं मोटरसायकलीपर्यंत जे येतं ते थोरल्याच्या नावावर. शबीनाचा नवरा शहबाज गरीब माणूस, त्यानं मान हलवली. शबीनानं बी हलवली. "नाव कुणाचं का असंना काकी, किल्ली माझ्याकडं हाय." दारांवर टोपी घातलेली पिवळी बदकं रंगवून घेतली अन् खुशीत गाडी फिरवाय लागली.

पण किल्ली खुंटीला, अन् खुंटी सगळ्या घराची. एका सकाळी सिकंदरभाईनं न विचारता गाडी काढली अन् धरणाकाठी डाळजला दोस्ताकडं मासे खायला गेला. हिकडं कन्हेरी फाट्यावर पोरं उन्हात उभी. कंपनीत जाणाऱ्या दिपालीच्या सृष्टीनं रडून रडून उलटी केली, दिपालीचा कामावर खाडा पडला. तिनं शबीनाला चार बायांदेखत असं धुतलं, असं धुतलं! शबीनानं रिक्षा करून पोरं आणली. संध्याकाळी सिकंदरभाई ढेकर देत आला. "माझ्या गाडीला मी कुणाची परवानगी घेऊ?"

"चहा घ्या भाईजान," शबीना म्हणली. हाच तो कप.

पुढं जुलै आला. मागं खोली वाढवायला बँकेचं कर्ज पाहिजे, अन् बँकेला टॅक्सचं रिटर्न पाहिजे. टॅक्सचं काम बघणाऱ्या प्रतिक्षाकडं आमी दोघी गेलो. माझं काय काम नव्हतं, पण तितं पंखा चांगला हाय.

"गाडी कुणाच्या नावावर?" प्रतिक्षानं विचारलं.

"जेठांच्या."

"मग गाडीची झीज, म्हंजे दरसाल उतरणारी किंमत, तुमच्या खर्चात धरता येणार न्हाय, ताई. ती मालकाची. तेल, दुरुस्ती धरू, पण पोरांसाठी फिरली तेवढ्यापुरतीच. घरच्या फेऱ्या वगळायच्या."

"डाळजला मासे खायला गेली ती?" मी विचारलं.

"ती तर अजिबात न्हाय, काकी."

शबीनानं घरी येऊन नीट मागितलं, "भाईजान, गाडी माझ्या नावावर करून द्या." त्यो मांडी थोपटून हसला. "म्हंजे सरकार बी म्हणतंय, गाडी माझी!" चौकातल्या पानपट्टीपर्यंत बातमी स्वतः पोचवून आला. शबीनानं गॅस पेटवला. मी भिंतीपलीकडनं आल्याचा वास घेतला अन् पदर खोचून तयार बसले.

शुक्रवारी सिकंदरभाईकडं पाहुणे हुते, त्याच्या पोराची, नईमची, सोयरीक बोलायला. शबीनानं ताटात रुमाल अंथरून त्यावर किल्ली ठिवून आणली.

"भाईजान, गाडी तुमची, सरकारनंच सांगितलं. मग तेल तुमचं, विमा तुमचा, मागचं टायर गुळगुळीत झालंय ते बी तुमचंच. मी गाडीवाल्या बिरूची गाडी भाड्यानं लावलीया. ते भाडं सगळंच्या सगळं माझ्या खर्चात बसतंय."

पाहुण्यांदेखत किल्ली घ्यावीच लागली.

आता खरी गंमत. ती गाडी शबीना रोज आतनं पुसायची. किल्ली देताना मातर पुसली न्हाय. सीटवर दूध सांडलेलं, फटीत केळं, काचा घट्ट लावून गाडी उन्हात. रविवारी सिकंदरभाई अत्तर लावून, नवा झब्बा घालून इंदापूरला पोरगी बघायला निघाला. वाटेत टायर बसलं. कसाबसा पोचला, उतरला, तर अंगाला आंबलेल्या दुधाचा वास, झब्ब्याला मागनं केळं, अन् दारावर टोपीवाली बदकं. तिथली पोरं बदकासारखी आवाज काढत मागं लागली. सोयरीक जमली, पण होणारी सून, परवीन, सासऱ्याला सलाम करतानाच फिस्सकन हसली.

"काचा तू लावल्या व्हत्यास?" मी शबीनाला विचारलं.

"चोर येतात ना, काकी."

विमा भरायची वेळ आली अन् सिकंदरभाई दारात आला. "घे बाई नावावर करून."

"घेते. पण आधी कन्हेरीची एक फेरी तुमी मारायची."

पुढच्या सीटवर मी बसले. असला तमाशा सोडती व्हय मी? फाट्यावर दिपालीनं सृष्टीला आत बसवलं अन् खिडकीत वाकली. "मालक तुमीच का? त्या दिवशीचे मासे बरे हुते ना?" सिकंदरभाई घाम पुसाय लागला. मागनं सृष्टीनं बिस्किटाचा हात त्याच्या झब्ब्याला पुसला. मी बघितलं, पण सांगितलं न्हाय.

कागद झाले. झीज, तेल, विमा आता शबीनाच्या खर्चात लागतं. बदकं तशीच हायेत, उलट एक वाढलंय. सिकंदरभाईला गाडी लागली तर दारात उभं राहून मागावी लागती. मग शबीना आतनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारती, "भाईजान, फेरी पोरांची का घरची? घरची असंल तर मला वगळावी लागती!"

"घरची," त्यो पुटपुटतो.

"मोठ्यानं सांगा की भाईजान, सारजाकाकीला ऐकू आलं न्हाय!"

मला सगळं ऐकू येतं. पण मी बी कानाला हात लावून म्हणते, "काय म्हणलात?"