कवडी कापसाचा गाऊन

कपडा तपासायचा असेल तर तो आधी उलटा करावा, असे मी शाळेत शिवणकामाच्या तासाला मुलींना वर्षानुवर्षे सांगत आले. सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी असते. शिवणाऱ्याचा हात उलट्या बाजूला दिसतो. निवृत्तीनंतर यवतमाळातील एका फॅशन डिझाइनच्या वर्गाने मला वार्षिक परीक्षेची परीक्षक म्हणून बोलावले, तेव्हाही ही सवय बरोबर होती.

विषय होता समारंभाचा पायघोळ गाऊन, प्रेरणा आपल्या परिसरातील. सकाळी परीक्षा आणि दुपारी पालकांसमोर सादरीकरण, असा बेत होता. प्रेरणा म्हणजे वस्तूचा रंग घ्यावा, रेषा घ्यावी, डौल घ्यावा. वस्तू उचलून आणू नये. हे या मुलींना कोणी सांगितलेच नव्हते. राजूरच्या खाणीवरून गाऊन करणारीने सॅटिनवर खरी कोळशाची भुकटी चोळली होती आणि तो घालून उभ्या असलेल्या मुलीच्या मानेवरून काळा घाम ओघळत होता. मोराच्या गाऊनवर गरम गोंदाचे वाळलेले तंतू जाळ्यांसारखे लोंबत होते. गोंद, घाम, जळके नायलॉन. मी पदर नाकाशी धरूनच गुण देत होते.

शेवटचा गाऊन दारव्ह्याकडच्या एका मुलीचा. पहिल्याच वर्षी नापास झाली तर पुन्हा पाठवणार नाही, असे तिच्या घरी ठरले होते. हे तिने स्वतः मला सांगितले नाही, तिच्या मैत्रिणी आपसात कुजबुजत होत्या. गाऊन दुरून खरोखर देखणा होता. छातीपासून घेरापर्यंत कापूस चिकटवलेला, पांढरा नव्हे, पिवळसर, मधूनच फिक्या गुलाबी डागांचा. जवळ गेल्यावर सरकीही दिसली. म्हणजे हा कापूस सरकी काढायला जिनात गेलेलाच नव्हता.

"मॅडम, लवकर पाहा न," गाऊन घालून उभी असलेली मुलगी म्हणाली, "मले लय खाजून राह्यलं."

"गाऊन घातला का खाजतेच," मागून कोणीतरी म्हणाले. "हिरोइनीले नाई खाजत का?"

मुली हसल्या. मी काठ उलटवण्यासाठी हात घातला आणि बोटाला काहीतरी मऊ लागले. गुलाबी अळी होती. एक पाहिल्यावर बाकीच्या दिसू लागल्या: कमरेच्या चुण्यांत, काखेच्या शिवणीवर, एक त्या मुलीच्या गळ्याशी. तिला आतल्या खोलीत नेऊन गाऊन उतरवेपर्यंत माझ्या अंगावर काटा होता. हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. बोटावरचा तो मऊपणा जाईना.

"ही कवडी आहे," मी गाऊन करणाऱ्या मुलीला म्हणाले. बोंडअळीने खाल्लेल्या, डागी कापसाला आपल्याकडे कवडी म्हणतात, हे तिला सांगण्याची गरज नव्हती. "शेतातल्या पोरीला हे कळू नये?"

"कळते, मॅडम. फरदडीची होती, वेचणीनंतर राखलेल्या पिकाची. उन्हात वाळू घातलती." ती खाली पाहत म्हणाली. "चांगल्या कापसाले हात लावला असता तं आई बोलली असती. कवडी कोनाचीच नसते. आन् रंग... असा रंग दुकानात भेटत नाई."

रंगाबद्दल तिचे खरे होते. पण गोंद लवकर वाळावा म्हणून तिने पहाटेपासून हेअर ड्रायर चालवला होता. सरकीत दडून बसलेल्या अळ्यांना बाहेर यायला ती ऊब पुरली.

इतक्यात संस्थेचे संचालक आले. त्यांनी गाऊन पाहिला, नाक मुरडले आणि शिपायाला कीटकनाशकाचा फवारा आणायला सांगितले.

"थोडं औषध मारून घ्या. वरून सेंट. स्टेजवर कोणाले दिसते? पालक येऊन राह्यले, हा आपला मेन गाऊन आहे."

"हा मुलीच्या अंगावर घालायचा आहे," मी म्हणाले.

"दहा मिनिटांचं तं काम आहे, मॅडम."

अळीची किळस साबणाने कधी ना कधी जाते. फवारणी करता करता माणसे दवाखान्यात गेलेल्या या जिल्ह्यात राहून तो गृहस्थ असे सहज बोलला, त्याची किळस मला आजही आहे. मी काही बोलण्यापूर्वी दारव्ह्याकडच्या मुलीने गाऊन ओढून छातीशी धरला.

"नाई सर. मी काढते सगळा."

ती जमिनीवर बसली आणि कापूस ओरबाडून काढू लागली. जिला खाज सुटली होती तीही मदतीला बसली. तो ढीग मागच्या अंगणात नेऊन जाळला. उरला गोंदाच्या डागांचा साधा मांजरपाटाचा गाऊन. मी तो उलटा केला. शिवण सरळ, कडा बंद, अस्तर कोठेही ओढलेले नाही. सजावटीला शून्य दिले. कापणी आणि शिवणीचे गुण दिले तेवढ्यावर ती पास झाली. बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आईला मीच सांगितले.

"पास न? मंग ठीक," ती म्हणाली. "कापसाचा बोरा घेऊन गेलती, मले वाटलं गादी भरते."

दुपारी तोच गाऊन मंचावर पुतळ्याला घातलेला होता, शेजारी ती मुलगी उभी होती. संचालकांनी माईक घेतला आणि सांगितले, वेचणी संपलेल्या शेताची ही प्रेरणा आहे, ते रितेपण आमच्या विद्यार्थिनीने कापडावर आणले आहे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वेचणी झाल्यावर कापसाची पराटी उभी राह्यते वावरात," तिची आई माझ्या शेजारी पुटपुटली. "इथं तं डाग हायेत नुस्ते."

मुलगी टाळ्या संपण्याआधीच मंचावरून उतरून आमच्याकडे आली.

"मॅडम, मी तसं काई म्हटलं नव्हतं."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. तिच्या बोटांवर गोंद वाळला होता आणि नखांत कापसाचे तंतू होते. तिला हात धुवायला पाठवले आणि जाताना साबण कुठे आहे तेही सांगितले.