आत्याचं गिऱ्हाईक

माझी धवलारीण आत्या घरात कधी गुणगुणलीसुद्धा नाही. पेणच्या आमच्या खाडीकाठच्या गावांत तिच्या धवल्यांशिवाय, म्हणजे लग्नातल्या गाण्यांशिवाय, नवरीला हळद लागत नसे, पण आम्ही पोरींनी एखादं गाणं मागितलं की म्हणायची, "दुकान लग्नात उघडतंय गो, घरात नाय."

सुपारी हातात पडल्याशिवाय ती तारीख धरायची नाही. मंडपात कायम हिरवं लुगडं, म्हणजे गिऱ्हाइकानं लांबून ओळखावं. लोणचं, बर्फाचा गोळा वर्ज्य. "गळा म्हंजे भांडवल हाय," म्हणत माझ्या ताटातलंही लोणचं उचलायची, कारण मी तिच्यामागे झील धरायचे.

रोह्याच्या एका हळदीत पेणचा कॅसेटवाला टेपरेकॉर्डर घेऊन आला. आठवण म्हणून भरून ठेवतो म्हणाला. पुढच्या लग्नसराईत तीच गाणी बाजारात आली. वेष्टणावर त्याचा फोटो, त्याचं नाव. आत्याचं कुठेच नाही. वडखळ नाक्यावर टपरीत आपलाच आवाज ऐकून ती जागीच थबकली. मी संतापानं रडायला लागले. ती एवढंच म्हणाली, "बोंबलायचं नाय. त्यालाबी पोरगी हाय."

त्या मेल्याच्या पोरीचं लग्न ठरलं, तेव्हा आत्यानं त्याची सुपारी परत पाठवली. आसपासच्या धवलारणींना तिनं आधीच सांगून ठेवलं होतं; एकही गेली नाही. शेवटी त्यानं हळदीला कॅसेट लावली. धवल्यात नवरीचं नाव घेतात, हे शहाण्याच्या लक्षातच आलं नाही. हळद लागत होती त्याच्या पोरीला आणि कर्ण्यातून नाव येत होतं रोह्याच्या नवरीचं. बायकांनी हात आखडले. "बंद कर ती! दुसरीच्या नावाची हळद माज्या नातीला?" त्याची आई ओरडली.

तो धावत आमच्या दारात आला. "मावशी, चला. पोरीचा काय दोष?"

"काय नाय, म्हनून तर येतंय. पन आधी मंडपात सांग, कॅसेटमधला आवाज कोनाचा हाय."

त्यानं मान खाली घालून माईकवर सांगितलं. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नाही.

मग आत्या गायला बसली. नवरीचं नाव घेतलं, आईचं, आजीचं, मामांचं. बापाच्या नावाची जागा आली. तो हात जोडून उभा होता. आत्यानं सरळ पुढची ओळ धरली.

आत्या गेल्यानंतर काही वर्षांनी तो माझ्याकडे आला. केस पिकले होते. "नातीचं लगीन हाय. या टायमाला तरी माझं नाव घे, बाय."

मी सुपारी घेतली, मन लावून गायले आणि त्याचं नाव घेतलं नाही.