हिरवी भिंत, मुकी पाटी

ऑफिसात तिला सगळे फौजदारीणबाई म्हणत. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची हाच तिचा धंदा, आणि तो ती मन लावून करायची. घरी मात्र ती ठमी. तसं म्हणणारा आता एकच माणूस उरला होता, तिचे वडील. आणि अण्णांनाही ते स्वतःच्या तोंडाने म्हणता येत नव्हतं; अर्धांगाच्या झटक्यात त्यांची वाचा गेली होती.

तिची कंपनी अशाच माणसांसाठी 'बोलती पाटी' बनवायची. टॅबलेटवर ब्राउझर उघडायचा, चौकोनावर बोट ठेवायचं, की पाटी बोलते: पाणी, दुखतंय, दिवा बंद कर. अण्णांच्या पाटीवर तिने एक खास चौकोन घातला होता, 'ठमे, इकडे ये.' तो पहिल्यांदा बोलला तेव्हा अण्णा हसता हसता रडले, आणि मग दिवसभर उगाचच हाका मारून त्यांनी तिला भंडावून सोडलं.

ब्राउझरवाल्यांची रीत अशी, की नवी आवृत्ती आधी हौशी लोकांना वापरून बघायला द्यायची. ती बीटा. तिच्यातली मोडतोड निस्तरली की काही आठवड्यांनी तीच सगळ्यांच्या हाती जाते, ती स्टेबल. पाटीच्या चाचण्या ऑफिसातली यंत्रं आपली आपणच घेत, आणि कोणी वेगळं सांगितलं नाही तर बीटावरच घेत; तेच त्यांचं डिफॉल्ट. पुढे काय वाढून ठेवलंय ते आधी कळावं म्हणून.

पण बीटा म्हणजे रोजची कटकट. सकाळी सकाळी भिंतीवरच्या पडद्यावर लाल दिवे, आणि खोदून बघावं तर पाटी ठणठणीत, खोड बीटाचीच. पाटीचा कोड लिहिणाऱ्याला सगळे घाईबुवा म्हणत. तो तर लाल दिसलं की कपाळाला हात लावायचा.

"बाई, तुमची यंत्रं ऊठसूट बोंबलतात," तो म्हणाला. "खरी आग लागली तरी आता कोणी जागचं हलायचं नाही!"

साहेबांनी हात वर केले. "डिफॉल्ट काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा."

तिला पटत नव्हतं. पण घरी अण्णांचं करायचं, इथे खोट्या बोंबा निस्तरायच्या. जीव मेटाकुटीला आला होता. तिने डिफॉल्ट स्टेबल करून टाकलं. ज्याला बीटावर चाचणी हवी त्याने तसं लिहावं, अशी सोय ठेवली. कोणी लिहिलं नाही. तिनेही नाही. भिंत हिरवीगार झाली, घाईबुवाने सगळ्यांना चहा पाजला, आणि खरं सांगायचं तर तिलाही हायसं वाटलं.

मग एक दिवस ती घरूनच काम करत होती. अण्णांचं आवरून, टॅबलेट त्यांच्या चांगल्या हाताशी लावून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. समोर लॅपटॉपवर तीच हिरवी भिंत. आज हाक नाही, स्वारी शहाण्यासारखी झोपलेली दिसते, असं मनाशी म्हणत तिने बरंच काम उरकलं. जेवायची ताटली घेऊन आत गेली, तर अण्णा टक्क जागे. अंथरूण ओलं. बोट त्या खास चौकोनावर. ते दाबत होते, चौकोन उजळत होता, आवाज येत नव्हता. तिला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

रात्रीतून टॅबलेटवर नवा ब्राउझर आपसूक चढला होता. पाटी बोट लागल्यावर क्षणभर थांबून बोलायची, कापऱ्या हाताचा चुकून लागलेला स्पर्श गाळायला. त्या थांबण्यामुळे नव्या ब्राउझरला वाटलं, हे पान बोट न लागताच बडबडतंय. त्याने पाटीचं तोंडच बंद केलं.

तिने घाईबुवाला फोन लावला.

"असं कसं होईल? सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत हो!"

"असणारच. कालच्या ब्राउझरवर घेतल्यात त्या. बीटावर हे केव्हाच लाल दिसलं असतं."

तो हळूच म्हणाला, "ऑफिसात फोन यायला लागलेत, बाई." फोन करणारे सगळे घरचे लोक. ज्यांच्या घरी दुसरं कोणी नव्हतं, त्यांच्या फोनची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळपर्यंत पाटी बोलती झाली. डिफॉल्ट पुन्हा बीटा. साहेब म्हणाले, चूक ब्राउझरवाल्यांची. तिने मान डोलावली नाही.

"अण्णा, बघा, बोलते," म्हणत तिने स्वतः चौकोन दाबला. 'ठमे, इकडे ये,' पाटी म्हणाली. अण्णांनी तिचं मन राखायला 'पाणी' दाबलं. तो चौकोन मात्र त्यांनी पुन्हा कधी दाबला नाही.

दुसऱ्या दिवशी ती चहा टाकत होती, तेवढ्यात पलंगाच्या लोखंडी दांड्यावर चमचा वाजला. हातातलं टाकून ती धावत आत गेली.

"काय झालं? काय हवंय, अण्णा?"

काही नको होतं. त्यांनी तिला नीट बघून घेतलं आणि चमचा खाली ठेवला. तेव्हापासून ती घरात असली की ते रोज एकदा तो वाजवतात. ती येते का, एवढंच बघायला.