न चावणारे खेकडे

ईशा, निनाद, सुट्टीत खांडबाऱ्याच्या नाल्यावर खेकडे धरायला नेईन असं मी तुम्हांला कबूल केलं होतं. तो बेत बदलावा लागतोय. का, ते आधीच कळावं म्हणून लिहिते.

परवा सकाळी खांडबारा स्टेशनावर उतरले. माझी जुनी विद्यार्थिनी जमना, तिची लेक बाळंत झाली आहे, तिला बघायला. वाटेत नाल्याजवळ रिक्षा थांबवली, तर रिक्षावाला म्हणाला, "माय, चिखल देखाले इतला दूर उन्यात?" (आई, चिखल बघायला इतक्या लांब आलात?)

चिखलच बघायचा होता. वरच्या बाजूला धातूला मुलामा देणारा कारखाना झाला आहे. पाणी नितळ होतं. तळाचा गाळ मात्र काळा, हिरवट झाक असलेला. शिंपले उघडे, रिकामे. मी पाय टाकला आणि चप्पल आत गेली ती गेलीच.

"बाई, शाळेत आम्हांला अनवाणी येऊ देत नव्हता!" दारातच जमना हसली.

चुलीवर खेकड्यांचा रस्सा उकळत होता. त्यांच्या घरी पाचव्या दिवशी बाळंतिणीला तो देतात, दूध यावं म्हणून. जमनाच्या सासूबाई खुशीत होत्या. बिळात हात घालावाच लागला नाही, खेकडे नाल्याच्या काठावरच बसले होते म्हणे.

जमना थबकली. "एक तरी चावला?"

"नाही गं. गुमान हातात आले."

जमनाने मडकं उचललं, अंगणाबाहेर खड्ड्यात ओतलं आणि वर माती लोटली. कोंबड्यांनाही हाकललं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या सासूने मला ह्याच नाल्याचा पाजलेला."

"तपासणीवाले साहेब आले होते," जमना मला म्हणाली. "वरचं पाणी बाटलीत नेलं, चांगलं आहे म्हणाले. खेकडा काय बाटलीत राहतो?"

जड धातू तळाशी बसतात, गाळात चरणाऱ्या जिवांच्या अंगात साठतात, हे मी शाळेत शिकवत आले. साहेबांना ते ठाऊक नसेल? असणारच. पण गाळात हात घालायचा तर हात काळे होतात, आणि जे सापडेल ते लिहावं लागतं!

दुपारी सासूबाई मला कारखान्याच्याही वर, डोंगरातल्या झऱ्यावर घेऊन गेल्या. पोटाशी पिल्लं असलेली मादी त्यांनी परत पाण्यात सोडली. मग मी बिळात हात घातला आणि किंचाळले. त्या पोटभर हसल्या. संध्याकाळी लेक वाटीभर रस्सा प्यायली.

काल घरी परतले. बोट सुजलंय, म्हणून अक्षर वाकडं. खालच्या नाल्यावर तुम्हांला नेणार नाही. वरच्या झऱ्यातले खेकडे अजून चावतात.