पाण्याचं राहू द्या

"पाण्याचं राहू द्या, बाई. तुम्ही पत्रावळ्या उचला."

सरांच्या बायकोने माझ्या हातातला जग काढून घेतला. हळूच, हसत. सर म्हणजे माझे पीएच.डी.चे गाईड. नांदेडात त्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि आम्ही संशोधक विद्यार्थी वाढायला होतो. जग तिने माझ्या शेजारच्या मुलीला दिला. माझ्याहून कितीतरी लहान मुलगी. तिच्या हातचं पाणी चालत होतं. मी बौद्ध.

मी उष्ट्या पत्रावळ्या उचलल्या. केस पिकायला लागलेले, वर्गात साठ पोरांना गप्प बसवणारी बाई मी. उचलल्या.

का, ते सांगते. निलंग्याच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी. प्रबंध जमा करायचा तर गाईडची सही हवी. म्हणून सरांचे पेपर मी तपासायचे, त्यांच्या पाहुण्यांना स्टँडवरून मी आणायचे. विद्यापीठाच्या माळावर वारा भणाणतो, रस्ते रुंद आहेत, होस्टेलच्या पोरी झाडाखाली खिदळत असतात. माझा मात्र विभागाच्या पायरीवरच श्वास कोंडायचा. सर वर्गात समतेवर सुंदर बोलायचे. पोरं वहीत उतरवून घ्यायची. मीही घेतलेलं आहे.

आमच्या विभागात एक रीत आहे. ज्याची व्हायवा, त्याचं जेवण. गेल्या सत्रात एका विद्यार्थ्याची व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, झाली. हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या. परीक्षक बसले, सर बसले. सरांनी मला हाक मारली.

"बाई, पत्रावळ्यांचं तुम्ही बघा. तुम्हाला सवय आहे."

परीक्षक हसले. कुणीतरी म्हणालं, "लई कामाच्या हायत बाई."

तेव्हा माझ्या आत काही पेटलं वगैरे नाही. पाय दुखत होते आणि भूक लागली होती. मी एक पत्रावळी घेतली, सरांच्या समोरच्या ओळीत मांडली आणि बसले.

वरणाची बादली माझ्यापाशी आली, थांबली, पुढे गेली. भातही गेला. तीच जगवाली मुलगी वाकून कुजबुजली, "ताई, उठा ना. सर बघून राहिले."

"बघू दे. तू वाढ."

तिने सरांकडे पाहिलं. वाढलं नाही.

मी उठले. बादलीतून वरण घेतलं, भात घेतला. मग पाण्याचा जग उचलला आणि सगळ्यांदेखत माझा पेला भरला. जग पुन्हा पंगतीच्या मधोमध ठेवला.

"बाई," सर म्हणाले, "प्रबंध जमा करायचाय ना तुम्हाला?"

"करायचाय, सर. म्हणूनच जेवून घेते. ताकद लागणार."

सावकाश जेवले. माझी पत्रावळी उचलली. फक्त माझी.

सही अजून झालेली नाही. सरांचं दार माझ्यासाठी बंद असतं. गाईड बदलून मागितला, तर दुसरे कुणी घ्यायला धजत नाहीत. तरी मी निलंग्याहून येते. विभागात खुर्ची ओढून बसते, माझं काम करते. दुसऱ्याचे पेपर तपासत नाही.

माझी व्हायवा होईल. रीतीप्रमाणे जेवण मी देईन. त्या दिवशी पाणी मी वाढणार, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. ज्याला चालणार नाही, त्याने तहानलेलं उठावं.